नेम धरणारा रिमोट

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे. चॅनल बदलणारा नाही हं, खेळाचा! मला हातात धरून हात हलवला की टीव्हीतला खेळाडूही हलतो. हात जितका हलेल तितकाच मी दाखवतो, राईभर कमी नाही की जास्त नाही. याचा मला भारी तोरा आहे, आणि तो मी लपवत नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. नागपुरात एका घरी थोडी वर्षं वापरून झाल्यावर धर्मेंद्रमामांनी मला जुन्या बाजारातून उचललं आणि बपेऱ्याला बहिणीच्या घरी आणून दिलं. बहीण म्हणजे मालनबाई. त्यांची मुलगी तृप्ती सातवीत होती. घरधनी आनंदराव बपेरा ते तुमसर काळीपिवळी जीप चालवायचे. शाळेची पोरं रोज त्यांच्याच गाडीत दाटीवाटीनं बसायची, आणि पुढच्या सीटवर तृप्ती.

तृप्तीला तिरंदाजीचा खेळ फार आवडे. हात लांब करायचा, पडद्यावरची लाल खूण निशाण्यावर आणायची आणि बटण सोडायचं. पण पहिल्याच आठवड्यात माझी अब्रू गेली. संध्याकाळी खेळायला बसलं की खूण बेडकासारखी उड्या मारायची! "मामानं बिगडेल माल देला," असं म्हणून तृप्ती मला तळहातावर आपटायची. काय सांगू, फार लागायचं.

दोष माझा नव्हता. टीव्हीखाली एक पट्टी असते. तिच्यातले दिवे माणसाला दिसत नाहीत, मला दिसतात, आणि त्यांच्याकडे बघून मी नेम धरतो. या घरात टीव्हीशेजारच्या फळीवर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. मालनबाई रोज संध्याकाळी तिथे मेणबत्ती लावून वंदना म्हणत. ज्योतीतही तसाच न दिसणारा उजेड असतो, त्यामुळे ती दिसली की मी गोंधळून जायचो. एकदा खेळता खेळता मेणबत्ती विझली आणि खूण जागच्या जागी थांबली. तृप्ती टाळ्या पिटत ओरडली, "आई, मेणबत्तीनं होऊन राहिलं वो!" मालनबाईंनी निकाल दिला, "मंग वंदना झाल्यावर, मेणबत्ती विझल्यावर खेळत जा." तेव्हापासून माझे सुखाचे दिवस आले.

एका रविवारी दुपारी तृप्तीनं आनंदरावांना ओढूनच आणलं. "बाबा, तुमी मारा ना एक." त्यांनी हसत हात लांब केला. लाल खूण थरथर थरथर करू लागली. बाण निशाण्याच्या बाहेर!

"मेणबत्ती विझव वो, तृप्ती."

"आज लावलीच नाही, बाबा."

त्यांनी माझे सेल बदलले, मला चापट मारली, पुन्हा नेम धरला. तीच थरथर. तृप्तीनं मला घेतलं तर खूण खिळल्यासारखी स्थिर. परत त्यांच्या हाती गेलो आणि पुन्हा थरथर. कुणी हसेना.

मालनबाई हळूच म्हणाल्या, "अजी, चाहा सांडते तुमचा. मी पाहून राहिली कवापासून. दवाखान्यात दाखवा ना."

"खेळण्याच्या सांगण्यावरून दवाखान्यात जाऊ का मी?" आनंदराव भडकले. "टाक याले भंगारात!" आणि स्वतःच मला भंगाराच्या पोत्यात टाकलं. मला राग आला नाही. भीती वाटली. त्या हातात उद्या स्टेअरिंग असणार होतं.

सकाळी अंगणात गाडी सुरू झाली. पोरं चढली. तृप्ती मात्र सायकल घेऊन उभी राहिली.

"काहून वो? बस ना पुढं," आनंदराव म्हणाले.

"मी सायकलनं जाते, बाबा." तिचा आवाज रडका झाला होता. "मले भेव लागते."

पोतं ओसरीवरच होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं. इंजिन बंद झालं. मग आनंदराव म्हणाले, "शेजारच्या डोमाले बलाव, त्याले गाडी येते. पोराइले तो घेऊन जाईन." आणि थोड्या वेळानं, "मालन, चाल. आपुन बसनं जाऊ दवाखान्यात."

नसांचा आजार निघाला. वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले. औषध सुरू झालं. गाडी आता डोमा चालवतो, तृप्ती पुन्हा पुढच्या सीटवर बसते. आनंदरावांना गाडी सोडल्याचं दुःख आहेच. हॉर्न ऐकला की ते दारापर्यंत जातात.

मला पोत्यातून त्यांनीच काढलं. माझा रंग उडालाय, मनगटात अडकवायची दोरी तुटलीय. रोज ते मला धरून हात लांब करतात आणि खूण किती हलते ते बघतात. बाण सोडत नाहीत.

मित्रांनो, वस्तू जपा, आपटू नका, वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा. आणि घरात कुणाचा नेम चुकू लागला तर लगेच रिमोट बदलू नका. आधी तो हात आपल्या हातात घेऊन बघा.