दोन खोल्यांचा नियम

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ताइचुंगमधल्या माशी-प्रयोगशाळेतलं पंचवीस अंशांचं उबदार कपाट छत्तीसवर गेलेलं आढळलं. सुट्टीत कधीतरी त्याचा पंखा बंद पडला होता. आत त्रेचाळीस कुप्या होत्या आणि मेलेल्या फळमाश्या खाद्यावर मिरपुडीसारख्या पसरल्या होत्या.

कुप्या सांभाळणाऱ्या ज्यान श्यू-लानने आधी दोनच उचलल्या. दोन्हींवर तिच्या अक्षरात एकच नाव होतं : को त्सुंग-हान.

माश्यांचा प्रत्येक वाण दोन खोल्यांत ठेवायचा, हा तिथला नियम. एक कुपी उबेत, दुसरी पलीकडच्या थंड खोलीत. थंडीत माश्या सावकाश वाढतात, पण एकीकडे काही झालं तर दुसरीकडे वाण वाचतो. श्यू-लानने सतरा वर्षं हा नियम पाळला, नवख्यांना दटावून पाळायला लावला. तीन आठवड्यांपूर्वी तिनेच तो मोडला. त्सुंग-हानचा निरोप आला होता : माझा वाण आता फक्त तुझ्याकडेच उरलाय, चंद्रोत्सवाला न्यायला येतो. तो येईल तेव्हा कुप्या भरलेल्या दिसाव्यात म्हणून तिने थंड खोलीतली कुपीही उबेत आणली.

तो जर्मनीला गेला त्याला सात वर्षं झाली. त्याआधी दोघं एकाच टेबलावर काम करत. माशीच्या अळीच्या अंगात पंखाचा इवलासा कोंभ असतो. त्याच्या मधल्या पट्टीतल्या पेशी एक प्रथिन सोडतात. जवळच्या पेशींना ते भरपूर मिळतं, लांबच्यांना जेमतेम. किती मिळालं यावरून पेशीला कळतं, आपण कुठं आहोत आणि पंखाचा कुठला भाग व्हायचं. त्सुंग-हानच्या वाणात त्या प्रथिनाला चमक जोडलेली होती, म्हणून ते पसरताना दिसे. पहिल्यांदा दिसलं त्या दुपारी त्याने सरकून तिला सूक्ष्मदर्शकापाशी जागा दिली.

"कडेला बघ," तो म्हणाला होता. "इतक्या लांबपण पोचतंय."

तो आणखी काही बोलेल असं तिला वाटलं होतं. तो गेल्यापासून नववर्षाला त्याची एक ओळ येई. तेवढ्यावर ती दर पंधरवड्याला त्याच्या माश्या नव्या खाद्यावर हलवत राहिली.

माश्यांसाठी मक्याचं खाद्य शिजवणाऱ्या आ-हाव मावशींनी कपाटावरचं खाऊचं हिरवं पाकीट काढून पाहिलं. त्या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग', म्हणून तिथं सगळेच यंत्रावर असं पाकीट ठेवतात. त्याची मुदत ऑगस्टमध्येच संपली होती.

"हे शिळं झालं म्हणून यंत्र रुसलं," मावशी म्हणाल्या. "तूही तसलंच एक जपून ठेवलंयस गं. मुदत बघितलीस का कधी?"

"मावशी, मला कोश बघू द्या."

दोन्ही कुप्यांच्या काचेला मिळून अकरा कोश चिकटले होते. दहा काळे पडून मेले. बुधवारी अकराव्यातून एक नर निघाला. वाण पुन्हा उभा करायला एक नर पुरतो, पण उष्णता सोसलेले नर बऱ्याचदा वांझ निघतात. श्यू-लानने थंड खोलीतल्या दुसऱ्या वाणाच्या, नराचं तोंडही न पाहिलेल्या तीन माद्या त्याच्या कुपीत सोडल्या.

त्सुंग-हानला कळव, असं मावशी दोन दिवस सांगत होत्या. तिने निरोप लिहिला, पुसला, परत लिहिला.

"कळवलंस तर तो येणार नाही. एवढंच ना?" शुक्रवारी दुपारी मावशींनी विचारलं.

श्यू-लान म्हणाली, "न्यायलाच येतोय ना तो. काही नसेल तर कशाला येईल?"

"आणि आल्यावर रिकामी कुपी दाखवणार?"

तीन वाजून पन्नास मिनिटांनी तिने निरोप धाडला. वाण गेल्यात जमा आहे, एक नर उरलाय, दोन्ही कुप्या मीच एका कपाटात ठेवल्या होत्या. चार वाजता वाचल्याची खूण उमटली. उत्तर आलं नाही. फ्रँकफर्टहून त्याचं विमान सुटायला तेव्हा दोन तास होते.

खाली रस्त्यात चंद्रोत्सवासाठी मांस भाजायच्या शेगड्या पेटू लागल्या होत्या. पाच वीसला तिने कुपी पुन्हा भिंगाखाली धरली. खाद्यावर एकोणीस अंडी होती. वांझ नर असला तरी माद्या अंडी घालतात, फक्त त्यांतून अळ्या निघत नाहीत; आणि चांगलं अंडं फुटायलाही पुरता दिवस लागतो. अजून एकही फुटलेलं नव्हतं.