थंडीत उशिरा पोहोचणारा स्टार्टर

माझ्या अंगात ग्रीस भरून भाऊजींना काय मिळणार होतं, ते आधी सांगतो. पैसे नाहीत, घरच्या गाडीचे पैसे कोण देतं? चहा मिळणार होता, पण तो तसाही मिळतच होता. खरी कमाई एका वाक्याची होती : ‘भाऊजी आहेत म्हणून बरं.’ त्यांचा कारखाना बंद पडून तीन वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात हे वाक्य त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. त्यासाठी त्यांनी एक अख्खा रविवार आणि अर्धा डबा ग्रीस घातलं. सौदा स्वस्तातला वाटत होता.

मित्रांनो, ते ग्रीस ज्याच्या पोटात गेलं तो मी, एका निळ्या चारचाकीचा जुना स्टार्टर. तुम्ही मला पाहिलं नसेल. मी इंजिनाच्या खालच्या अंगाला, काळोखात, दोन बोल्टांवर बसलेला असतो. इंजिन कितीही दांडगं असलं तरी त्याला स्वतःहून उठता येत नाही. चावी फिरली की माझं छोटं दातेरी चाक पुढे सरकतं, इंजिनाच्या मोठ्या चक्राच्या दातांत आपले दात अडकवतं आणि त्याला गरकन फिरवतं. इंजिन जागं झालं की मी मागे येतो. सगळं मिळून दोन सेकंदांचं काम. पुढचे शंभर किलोमीटर इंजिन मिरवतं. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

एका मोठ्या कारखान्यात माझ्या तारा गुंडाळल्या गेल्या. माझ्यासारखे त्या दिवशी चारशे बनले. मग मी या गाडीत आलो. गाडी वहिनींच्या नवऱ्याची, म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाची. ते होते तोवर मी रोज सकाळी एका चावीत गाडी सुरू केली आणि कोणी कधी माझं नाव काढलं नाही. आमच्या जातीत हीच शाबासकी. दोन वर्षांपूर्वी ते गेले. दहा दिवस गाडी उभी होती. अकराव्या दिवशी वहिनींनी चावी फिरवली, मी गाडी सुरू केली. त्या पाच मिनिटं नुसत्या बसून राहिल्या. मग गिअर टाकला.

तेव्हापासून वहिनी एका तपासणी प्रयोगशाळेसाठी फेऱ्या मारतात. पहाटे दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या आणि वेळेत पोहोचवायच्या. एक जवळची फेरी, एक लांबची. घर लांबच्या फेरीवर चालायचं. जवळच्या फेरीवर फक्त पेट्रोल आणि भाजी निघायची.

घरात धाकटे दीर, म्हणजे भाऊजी. वय पंचावन्न. कारखान्यात तीस वर्षं यंत्रांना तेल-ग्रीस घालायचं काम त्यांनी केलं. तिथला नियम त्यांना पाठ होता : पलीकडून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरत राहायचं. कारखाना गेला, नियम राहिला. घराच्या बिजागऱ्या, शिलाई मशीन, शेजाऱ्यांची सायकल, सगळ्यांना त्यांनी न्हाऊ घातलं. शेजाऱ्यांच्या पँटवर अजून डाग आहेत.

उन्हाळ्यात वहिनी सहज म्हणाल्या, “गाडी सुरू होताना जरा किणकिणते का हो?”

भाऊजी त्याच रविवारी गाडीखाली शिरले. त्यांनी मला काढलं, पुसलं, आणि पलीकडून बाहेर येईपर्यंत भरलं. मी फुगलेल्या पाहुण्यासारखा परत जागेवर बसलो. किणकिण थांबली. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी आहेत म्हणून बरं.” भाऊजींनी त्या दिवशी दोनदा चहा घेतला. येणं वसूल झालं होतं.

मग थंडी आली.

मला थंडी वाजत नाही. लोखंड फक्त गार होतं. पण ग्रीस गोठलं. त्यात धूळ मिसळून त्याचं डांबर झालं होतं. चावी फिरली की माझं चाक त्या चिखलातून पाय ओढत निघायचं आणि चक्रापाशी पोहोचायच्या आधीच गरगरायला लागायचं. दातांवर दात. खर्रर्र! समोरच्या घरातला कुत्रा उठून बसायचा. तिसऱ्या-चौथ्या चावीला दात बसायचे. दुखत होतं का? नाही. दुखेनासं झालं होतं.

त्या आठवड्यात वहिनींना दोनदा उशीर झाला. प्रयोगशाळेतल्या बाई फोनवर म्हणाल्या, “ताई, नळ्या खराब होतात हो. आणखी एकदा झालं तर लांबची फेरी मला दुसऱ्याला द्यावी लागेल.” वहिनी “बरं” म्हणाल्या.

त्या दुपारी गॅरेजात गेल्या. मिस्त्री तरुण होता, तोंडाचा तिखट. पण गॅरेज गाठेपर्यंत इंजिन तापलं होतं आणि माझ्या पोटातलं डांबर मऊ झालं होतं. त्याने चावी फिरवली. मी एका दमात गाडी सुरू केली. शाळेच्या वेळी पोट दुखणारं पोर डॉक्टरसमोर कसं हसतं, तसा.

“ताई, काय खरखरतंय? हिला तर काही झालेलं नाही.”

“सकाळी खरखरते.”

“बॅटरी दमली असेल. थंडीत दमते.”

बॅटरी बदलली. दुसऱ्या दिवशी नव्या बॅटरीच्या जोरावर मी अधिकच मोठ्याने खरखरलो. वहिनी पुन्हा गेल्या, पुन्हा दुपारी, मी पुन्हा शहाणा. तेव्हा मिस्त्री म्हणाला, “हिला गरम करून आणलीत तर ही खोटंच बोलणार. उद्या पहाटे मीच येतो. त्याआधी चावीला हात लावायचा नाही.”

पहाटे सव्वापाचला तो आला. भाऊजी टॉर्च धरून उभे राहिले. मिस्त्रीने मीटर लावला आणि वहिनींना चावी फिरवायला सांगितली. खर्रर्र! त्याने काट्याकडे पाहिलं. “करंट पुरेसा आहे. बॅटरीचा दोष नाही.” मग जोडण्या पाहिल्या, माझे बोल्ट हलवून पाहिले. घट्ट होते. “मग दुखणं पोटात आहे,” म्हणत त्याने मला बाहेर काढलं आणि बोट घातलं. बोट काळं होऊन निघालं.

“अरे देवा! हे कुणी भरलं?”

वहिनी पटकन म्हणाल्या, “मागच्या गॅरेजात भरलं असेल.”

“कुठलं गॅरेज ते? पत्ता द्या, जाऊन पाया पडतो त्याच्या. वर्षभराचं ग्रीस एकाच दिवशी वाढलंय.”

टॉर्चचा उजेड हलला नाही. भाऊजी म्हणाले, “मी भरलं.”

मिस्त्री बोट पुसत त्यांच्याकडे वळला.

“आमच्या कारखान्यात असंच भरायचे. पलीकडून बाहेर येईपर्यंत.”

मिस्त्रीचा आवाज उतरला. “काका, तिथलं बेअरिंग दिवसरात्र फिरायचं, तापायचं. याचं तसं नाही. हा दोन सेकंद पळतो आणि दिवसभर पडून असतो. याला बोटावर घेतलेलं पातळ वंगण पुरतं.”

त्याने मला रॉकेलने धुतलं, कोरडं केलं, नखाएवढं वंगण लावलं आणि जागेवर बसवलं. चावी फिरली. मी वेळेवर पोहोचलो. खरखर नाही. फक्त तेव्हा पावणेसात झाले होते, आणि पहिला दवाखाना सहाचा होता.

लांबची फेरी गेली. वहिनींनी ते घरात एका वाक्यात सांगितलं. भाऊजींनी ऐकलं. जेवणं झाली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना काळजी हवी असते हे खरं. पण काळजी घेणाऱ्याने आधी त्या वस्तूचं काम बघावं, ती किती पळते, किती वेळ पडून असते ते बघावं. भरभरून देणं सोपं असतं. मोजून देण्यासाठी समोरच्याला ओळखावं लागतं.

आता जमाखर्च. माझे तीन दात झिजले, मोठ्या चक्राचे सात. ते परत येत नाहीत. बॅटरी उगाच बदलली. वहिनी आता फक्त जवळची फेरी करतात आणि दुपारी दुसरीकडे कामाला जातात.

आमची गाडी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी असते, म्हणून पुढचं ऐकू आलं. परवा तिथला नळ गळायला लागला. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, बघता का जरा?” खरं तर वायसर बदलायचं पाच मिनिटांचं काम होतं.

“प्लंबरला बोलवा,” भाऊजी म्हणाले.

“अहो, तुम्हाला येतं की.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही.

प्लंबर आला, नळ थांबला. त्याचे पैसे वहिनींनी दिले. भाऊजींनी किंमत मोजली ती त्या एका वाक्याने : ‘भाऊजी आहेत म्हणून बरं.’