माझ्याखालची निळी वही

मित्रांनो, एके काळी मी वाजलो की माणसं हातातलं काम टाकून माझ्याकडे धावायची. पुढे असेही दिवस आले की मी वाजलो की घरातली माणसं जागच्या जागी थिजायची. माझा आवाज मात्र दोन्ही वेळा एकच होता. मी एक जुना टेलिफोन आहे. रंग मूळचा पांढरा, आता दुधात चहाचे दोन थेंब पडावेत तसा. पाचाचं बटण घासून गुळगुळीत झालं आहे आणि दोनाचं दाबलं की वर यायला जरा वेळ घेतं. माझ्या वेटोळ्या वायरीवर चार बारीक खुणा आहेत. त्या दातांच्या आहेत. पण दातांची गोष्ट नंतर.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक पट्ट्यावरून मी सरकत गेलो आणि शेवटी बसलेल्या एका बाईनं माझा रिसीव्हर कानाला लावला. क्षणभर ऐकून तिनं मान डोलावली आणि माझ्या पोटावर चिठ्ठी डकवली. मला पहिल्यांदा ऐकणारी तीच. तिचा चेहरा आता आठवत नाही, कान आठवतो. टेलिफोनचं असंच असतं.

तिथून मी डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आलो आणि वीस वर्षं तिथल्या टेबलावर राहिलो. डॉक्टर कौतुकानं म्हणायचे, हा आपल्या दवाखान्याचा कान. त्यांचा एक नियम होता. जो फोन येईल किंवा जाईल तो वहीत उतरला पाहिजे. कोणाचा, किती वाजता, काय बोलणं झालं. नव्या माणसाला ते कारणही सांगायचे, "आपल्याकडे फोन करणाऱ्यांना नीट दिसत नाही. त्यांच्या वतीनं आपण लिहायचं."

हा नियम बऱ्याच जणांनी पाळल्यासारखा केला. मनापासून पाळला तो एकीनं. ती कामाला लागली तेव्हा कॉलेज नुकतंच संपलेलं होतं. आजी-आजोबांना न कंटाळता तीनतीनदा सांगायची, की थेंब सकाळी दोन, दुपारी दोन, आणि घातल्यावर डोळा चोळायचा नाही हं. थोड्याच दिवसांत पेशंट तिला फोनताई म्हणू लागले. मीही तेच म्हणतो.

फोनताईचे वडील तेव्हा फार आजारी पडले. हॉस्पिटलच्या खिडकीवर रोज पैसे भरावे लागायचे. तिच्याजवळ एक क्रेडिट कार्ड होतं. क्रेडिट कार्ड म्हणजे, मित्रांनो, आज बँकेच्या पैशांनी काम भागवायचं आणि नंतर ते व्याजासकट फेडायचं. ताईनं ते कार्ड खिडकीवर सारखं वापरलं. वडील राहिले नाहीत, कार्डाचं देणं तेवढं राहिलं.

ते तिनं तीन वर्षं फेडलं. येता-जाता बस सोडून चालत आली, चपलेचा तळ दोनदा बदलून घेतला. शेवटचा हप्ता भरल्यावर तिनं डॉक्टरांना विचारून माझ्यावरून बँकेला फोन केला. इतक्या वर्षांत स्वतःसाठी केलेला तो तिचा पहिलाच फोन. पलीकडचा कारकून म्हणाला, खातं बंद झालंय, बाकी काही नाही, पत्र पोस्टानं येईल. ताईनं रिसीव्हर ठेवला नाही. छातीशी धरून ती थोडा वेळ नुसती बसून राहिली. तिचं काळीज कसं वाजत होतं ते मी ऐकलं आहे. मग तिनं निळी वही ओढली आणि नियमाप्रमाणे तो फोनही लिहून ठेवला.

पुढे तिचं लग्न झालं, पत्ता बदलला. पत्र कुठे गेलं कोण जाणे. मग मुलगी झाली, चिमणी. ताईला दवाखान्यात येणं जमेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "लोकांना हा नंबर पाठ आहे. नंबरच तुझ्या घरी येऊ दे." अशी माझी बदली झाली. लाइनमननं खोक्यातून मला काढलं. भिंतीतलं फोनचं सॉकेट उंचावर होतं आणि वायर तोकडी, म्हणून त्याच खोक्यातला खाकी कागदात बांधलेला एक गठ्ठा त्यानं स्टुलावर ठेवला आणि वर मला बसवलं.

ते सुखाचे दिवस होते. ताईच्या एका मांडीवर चिमणी, दुसऱ्या मांडीवर नवी वही. चिमणीला दात येत होते आणि माझी वायर तिला फार आवडायची. ताई पलीकडच्या आजोबांना मंगळवार साडेदहाची वेळ देता देता हलकेच वायर सोडवून घ्यायची. त्या चार खुणा तेव्हाच्या. आता चिमणी चार वर्षांची आहे, पण रिसीव्हर उचलला की ताईचा अंगठा अजून त्या खुणांवरून फिरतो.

आणि मग एका सकाळी तो आवाज आला. जाड, खर्जातला. त्यानं ना नमस्कार केला, ना नाव सांगितलं. "ए बाई, कार्डाचे पैसे कधी भरतेस?"

ताईला वाटलं, चुकीचा नंबर. पण त्याला तिचं माहेरचं नाव ठाऊक होतं, कार्डाचे शेवटचे चार आकडेही ठाऊक होते. तो एका वसुली कंपनीचा माणूस होता. बँकेनं जुन्या थकबाकीची यादी त्या कंपनीला दिली होती आणि त्या यादीत ताईचं नाव, तिनं कामाचा म्हणून दिलेल्या या नंबरसकट, चुकून तसंच राहून गेलं होतं. रक्कम व्याजानं फुगून चौपट झाली होती.

ताईनं कपाटातून पैसे भरल्याची पावती काढली. ती यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदाची होती. इतक्या वर्षांत त्यावरचं अक्षर न् अक्षर उडून गेलं होतं. तिनं ती खिडकीशी धरून उजेडात पाहिली, तिरकी करून पाहिली. कोरी म्हणजे कोरी. बँकेला फोन केला तर ते म्हणाले, जुनी नोंद शोधायला नेमकी तारीख लागेल, नाहीतर खातं बंद केल्याचा क्रमांक. ताईला फक्त एवढंच आठवत होतं, की तेव्हा हवेत गारवा होता.

त्यानंतर मला उसंत मिळाली नाही. दिवसाला वीस-वीस फोन. माझ्यावर नंबर दिसायची सोय नाही, त्यामुळे पेशंट आहे की खर्ज, हे उचलल्याशिवाय कळायचं नाही. आणि न उचलून भागायचं नाही, कारण तेच तर ताईचं काम.

मित्रांनो, मी आयुष्यात हजारो माणसं ऐकली. चिडणारी, रडणारी, खोटं बोलणारी. पण ताईसारखं बोलणारं कोणी ऐकलं नाही. ती ओरडली नाही, गयावया केली नाही. दर वेळी तीच तीन वाक्यं, थेंबांच्या वेळा सांगताना लागायचा त्याच सुरात. "आधी मला अहो म्हणा. जे म्हणायचंय ते लेखी पाठवा. या नंबरवर डोळ्यांचे पेशंट फोन करतात, लाइन मोकळी ठेवा." मग ती वहीत लिहायची, वेळ, नाव, बोलणं. एका आठवड्यात खर्जानं तीन वेगवेगळी नावं सांगितली. ताईनं तिन्ही एकाखाली एक लिहिली आणि पुढे कंस करून लिहिलं, आवाज तोच.

रिसीव्हर ठेवल्यावरही ती तो घट्ट धरून ठेवायची. ते फक्त मला माहीत होतं. आणि चिमणीला. ती तिच्या बाहुलीची दुलई आणून टाचा उंचावून माझ्यावर घालायची, थोपटायची आणि बजावायची, "झोप आता. वाजायचं नाही." मी काय करणार? दुलईखालीही वाजायचो. तेव्हा मला स्वतःचा आवाज नकोसा झाला होता.

त्यात दवाखान्यातून निरोप आला. पेशंट तक्रार करत होते, नंबर सारखा एंगेज लागतो. एका आजोबांचं ऑपरेशन एवढ्यासाठी आठ दिवस लांबलं होतं. डॉक्टर रागावले नाहीत. पण महिनाअखेरपर्यंत हे थांबलं नाही तर नंबर एखाद्या एजन्सीकडे द्यावा लागेल, असं त्यांनी जड आवाजात सांगितलं. ताईनं तेही वहीत लिहिलं. त्या दिवशी तिचं अक्षर पहिल्यांदा वाकडं आलं.

हे फोन कशाचे, ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. चिमणीचे बाबा लांबच्या बसवर ड्रायव्हर, चार-चार दिवस बाहेर. सासूबाईंना ताईनं लग्नाआधीचं हे देणं कधी सांगितलं नव्हतं. फिटलेलं कशाला सांगायचं, असं तिला वाटलं होतं. पण एकदा ती चिमणीला बालवाडीतून आणायला गेली असताना मी वाजलो आणि सासूबाईंनी उचललं. खर्जानं त्यांना सगळं ऐकवलं. तुमच्या सुनेनं बुडवलंय, माणसं घरी पाठवीन, शेजाऱ्यांना सांगीन.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "थांबा हं, लिहून घेते. आमच्याकडे सगळे फोन लिहितात. नाव सांगा." त्यानं सांगितलं. "सावकाश सांगा, मला कमी दिसतं." त्यानं पुन्हा सांगितलं. "आडनाव? कंपनीचा पत्ता? पिनकोडसकट सांगा. अगंबाई, पेन चालेना. धरा हं." त्या खरोखर उठून पेन शोधायला गेल्या आणि पाणी पिऊन आल्या. मग म्हणाल्या, "हां, आता पहिल्यापासून सांगा." शेवटी त्यानंच फोन आपटला. माझ्या माहितीत हे पहिल्यांदा घडलं.

ताई घरी आली तेव्हा वहीत सासूबाईंच्या मोठ्या, डुगडुगत्या अक्षरातली नोंद होती. ती वाचून ताईनं मान खाली घातली. सासूबाईंनी तिच्याकडे न बघता विचारलं, "वडिलांसाठीच घेतले होतेस ना?"

ताईनं मान हलवली.

"आणि फेडलेस?"

"सगळे. पण दाखवायला काही नाही."

"मग मान कशाला खाली घालतेस? मान त्याची खाली जायला हवी." एवढं बोलून त्या भाजी निवडायला बसल्या. मी त्या घरात आल्यापासून त्या मला रोज फडक्यानं पुसायच्या, कानाच्या भोकांतली धूळ काडीनं काढायच्या. पण खरी सफाई म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. घरात कोंडून राहिलेलं काहीतरी त्यांनी दोन प्रश्नांत झाडून काढलं.

महिना संपायला तीन दिवस उरले होते. सकाळी खर्जाचा फोन आला. ताईनं सांगितलं, की खातं बंद झाल्याचं मी स्वतः बँकेला फोन करून विचारलं होतं. तो हसला. "फोन केला होता म्हणे. कोण लिहून ठेवतं असल्या गोष्टी?"

ताईचा अंगठा वायरीवरच्या खुणांवर थबकला. मग ती अगदी हळू म्हणाली, "मी."

आणि तिची तीन वाक्यं न म्हणताच तिनं रिसीव्हर ठेवला.

लगेच उचलून तिनं दवाखान्यात फोन लावला. जुन्या वह्या कुठे आहेत? कंपाउंडर म्हणाले, त्या तर फोनबरोबर तुमच्याच खोक्यात दिल्या होत्या. ताईनं माळा पाहिला, पलंगाखाली पाहिलं, कपाट उपसलं. ते खोकं कधीच रद्दीत गेलं होतं. ती कपाळाला हात लावून माझ्यासमोर उभी राहिली. मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं. मी त्या वह्यांवरच तर बसलो होतो! पण टेलिफोन दुसऱ्यांचं बोलणं पोचवतो, स्वतःचं त्याला बोलता येत नाही. त्या दिवशी मी मनातल्या मनात जेवढा वाजलो तेवढा कधी वाजलो नसेन.

तेवढ्यात सासूबाई फडकं घेऊन आल्या. "खोक्यातलं म्हणतेस? मग या फोनखालचा गठ्ठा कसला आहे? रोज पुसते, सोडून मात्र कधी पाहिला नाही."

ताईनं मला दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर ठेवलं. खाकी कागद फाटल्याचा आवाज आला. वर हिरवी वही, खाली निळी. ताई पानं उलटत गेली. एक आजी, थेंब संपले. एक मास्तर, चष्म्याचा नंबर. आणि त्या दोघांच्या मध्ये तिचंच अक्षर. तारीख, सकाळी अकरा वीस, कारकुनाचं नाव, खातं बंद केल्याचा क्रमांक, आणि पुढे, बाकी काही नाही. खाली तिनं एक ओळ जास्तीची लिहिली होती, जी नियमात बसत नव्हती. बाबा, झालं.

ताई रडली नाही. सासूबाईंनी मात्र तेच धुळीचं फडकं डोळ्यांना लावलं.

दुसऱ्या दिवशी ताई ती वही पिशवीत घालून बँकेत गेली. संध्याकाळी ती सांगत होती, की तिथल्या बाईंनी तारीख टाकताच नोंद निघाली. वहीची पानं उलटत त्या म्हणाल्या, आमच्या रेकॉर्डपेक्षा हे रेकॉर्ड नीट आहे. शिक्क्यासह पत्र मिळालं, वसुली कंपनीलाही कळवलं गेलं.

पुढच्या सकाळी मी वाजलो. खर्ज. त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं. ताईनं पत्राचा क्रमांक, तारीख आणि सही करणाऱ्याचं नाव त्याला वाचून दाखवलं, सावकाश, दोनदा. थेंबांच्या वेळा सांगाव्यात तसं. पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "बरं. तुमचं नाव काढतो, मॅडम."

"लेखी कळवा," ताई म्हणाली.

आठ दिवसांनी तेही आलं. डॉक्टरांनी नंबर कुठे हलवला नाही. ताईनं त्या शेवटच्या फोनचीही नोंद केली आणि पुढे कंस करून लिहिलं, अहो म्हणाला.

आता मी पुन्हा स्टुलावर आहे. हिरवी वही अजून माझ्याखाली आहे. निळी मात्र ताईनं कपाटात ठेवली आहे, म्हणून मी बोटभर खाली आलो आहे. त्यामुळे चिमणीचा हात आता टाचा न उंचावता मला पोचतो. परवा मी वाजलो तेव्हा ताईचे हात कणकेचे होते. चिमणीनं दुलई बाजूला केली, दोन्ही हातांनी रिसीव्हर उचलला आणि म्हणाली, "नाव सांगा. सावकाश सांगा, मला लिहिता येत नाही."

मित्रांनो, मी आता फार वर्षं वाजेन असं नाही. दोनाचं बटण रोज थोडं जास्त वेळ घेतं. म्हणून एवढंच मागतो. माझी वायर ओढू नका, मला आपटू नका, माझ्यात जोरात ओरडू नका. पलीकडे कोणाचा तरी कान असतो. आणि कधी तुमच्या घरात फोन वाजला आणि आईचा चेहरा उतरला, तर तिला काही विचारू नका. वही आणि पेन्सिल घेऊन तिच्याजवळ जाऊन बसा. लिहायचं काय, ते तिला ठाऊक असतं.