तिसऱ्या ओळीतलं जांभूळ

नगरपालिकेत उद्यान विभागाला कुणी मोजत नाही. पाणीपुरवठ्याला मान असतो, बांधकामाला त्याहून जास्त असतो, आरोग्य विभागाला निदान शिव्या तरी मिळतात. उद्यानाची आठवण होते ती कुणी मोठा माणूस येणार असला आणि फाटकापाशी कुंड्या मांडायच्या असल्या तरच. बारामती आणि इंदापूरच्या मधल्या त्या गावाला नगरपालिका होऊन बारा वर्षं झाली होती, आणि पहिल्या दिवसापासून हा अख्खा विभाग म्हणजे एकटा जोतीराम. हुद्दा उद्यान पर्यवेक्षक. पर्यवेक्षण कशाचं, तर रोजंदारीवरच्या दोन बायका, गवत कापायचं एक कायम बंद पडलेलं मशीन आणि चार झोपाळे, ज्यांच्या साखळ्या वर्षाआड चोरीला जायच्या.

तरी या माणसानं नोकरीत एक काम मनापासून केलं होतं. आपल्याकडे आता बरेच लोक रक्षा नदीत सोडत नाहीत. शेतात खड्डा घेतात, त्यात राख टाकतात आणि वर झाड लावतात. ज्याला शेत आहे त्याला हे सोपं. ज्याला नाही त्यानं कुठं जायचं? जोतीरामनं हा प्रश्न लावून धरला, तीन सभांमध्ये हेलपाटे घातले, आणि ओढ्याकडेच्या पडीक जागेवर स्मृतिवन मंजूर करून घेतलं. सगळी जांभळं, सरळ ओळींत, प्रत्येकापुढं नावाची पत्र्याची पाटी. एक्केचाळीस घरांनी आपापली माणसं त्याच्या हवाली केली. ठरावात त्यानं स्वतः एक वाक्य घालून घेतलं होतं : झाड हलवायची वेळ आली तर आधी घरच्यांना बोलवायचं. त्या वाक्याचा त्याला अभिमान होता. पुढं तेच वाक्य त्याला झोपेत दिसायला लागलं, ती गोष्ट वेगळी.

सणसरच्या बनाबाईंना खरं तर या वनाची गरज नव्हती. त्यांची दीड एकर जमीन होती, भावकीत सामाईक, पण होती. त्यांचा एकुलता मुलगा ज्ञानेश बारामतीच्या एमआयडीसीतून घरी येताना उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. पोरगं सव्वीस वर्षांचं. दिवस झाल्यावर बाई रक्षेचं गाठोडं पोटाशी धरून नगरपालिकेत आल्या.

"रानात का न्हाय लावत, आक्का?" जोतीरामनं विचारलं होतं.

"रानात उसाचा खोडवा निघाला की नांगर घालत्यात, भाऊ. माझ्या पोरावरनं नांगर फिरायला नगो. ही सरकारी जागा. हितं कोण हात लावतंय?"

तिसऱ्या ओळीतलं कोपऱ्यातलं जांभूळ ज्ञानेशचं झालं. दर पौषात, पोराच्या तिथीला, बाई यायच्या, निवद ठेवायच्या, झाडाच्या बुंध्यावरून हात फिरवायच्या. जोतीरामला त्या भाऊ म्हणायच्या म्हणून त्यांची मुलगी निकिता त्याला मामा म्हणायला लागली. निमगाव केतकीला दिलेली, बोलायला फटकळ, पण मनानं साफ.

मग दोन वर्षांपूर्वीचा मार्चएंड आला. स्वच्छतागृहाचा निधी पडून होता, एकतीस तारखेला परत जाणार होता. ठरलेल्या जागेवर दुकानदारांनी बोंब मारली. बांधकाम विभागाचा अविराज, हुशार पोरगा, पण घाईचा, शुक्रवारी संध्याकाळी चुन्याची फक्की घेऊन स्मृतिवनात शिरला आणि तिसऱ्या ओळीच्या कोपऱ्यावर चौकोन मारून मोकळा झाला.

"तीनच झाडं जात्यात, काका. घरच्यांना बोलवत बसलात तर आंदोलन हुईल, निधी जाईल आन् नोटीस तुमच्या नावावर निघंल."

जोतीराम भित्रा नव्हता, असं त्याला आजवर वाटत होतं. शनिवारी सकाळी जेसीबीनं तिन्ही झाडं उपटली. खोल खणलंच नाही, वरच्यावर दगड भरून काँक्रीट ओतलं. जोतीरामनं तीन पाट्या पिशवीत घातल्या आणि शेवटच्या ओळीत जी तीन जास्तीची, कुणाच्याच नावाची नसलेली झाडं होती, त्यांच्यापुढं ठोकल्या. पाट्या हलवल्या, झाडं हलल्यासारखं दाखवलं. माती मात्र तिथंच राहिली. मातीचा विचार त्याच्या मनात आला होता. मजूर नव्हते, वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर खणताना कुणी बघितलं असतं.

तीन घरांपैकी एक पुण्याला गेलेलं, एकाचं कुणी येतच नसे. राहिल्या बनाबाई.

पौषात त्या आल्या आणि थबकल्या. ओळीकडे बघितलं, ओढ्याकडे बघितलं.

"भाऊ, झाड हितं न्हवतं."

"हितंच व्हतं की, आक्का. पायवाट बदललीया, म्हून तुमाला तसं वाटतंय."

एवढंच. दोन वाक्यं. बाई स्वतःशीच म्हणाल्या, "आसंल. पोरामागं माझं डोस्कं बी गेलं." आणि त्यांनी निवद त्या परक्या झाडापुढं ठेवला. जोतीरामला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज त्याला घरी जेवताना वाटली, आणि मग दर जेवणाला वाटत राहिली.

यंदा नगरपालिकेला संगीत कारंज्याचा निधी आला. कारंजं, रंगीत दिवे, फोटो काढायला मोठं बदामाच्या आकाराचं काहीतरी. जागा म्हणून अर्थातच स्मृतिवन ठरलं. माणसं मेलेली, झाडं मुकी, विरोध करणार कोण? जोतीरामनं हात जोडले, निवेदनं दिली, काही चाललं नाही. शेवटी एवढंच पदरात पाडून घेतलं की प्रत्येक घराला बोलवायचं, त्यांच्या झाडाखालची माती मडक्यात भरून द्यायची, आणि नव्या पाण्याच्या टाकीमागं दुसरं झाड लावून द्यायचं. मुख्याधिकारी साहेबांनी लगेच होकार दिला. फोटो चांगले येतील म्हणाले.

बुधवारी सकाळी दहाला मांडव घातला. एक्केचाळीस मडकी, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. यादी जोतीरामच्या हातात होती. अडतीस मडक्यांत ज्याची त्याला माती जाणार होती. उरलेल्या तिघांचं काय करायचं हे त्यानं रात्रभर ठरवलं होतं : काही करायचं नाही. बाई मडकं नेतील, समाधानानं नेतील. खरं सांगून कुणाचं भलं होणार आहे? आपल्याच नोकरीचे आठ महिने राहिलेत. असं सगळं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

बनाबाई अकराच्या सुमाराला निकिताचा दंड धरून आल्या. दोन वर्षांत बाई फार उतरल्या होत्या. मांडवाच्या तोंडाशी त्यांनी निकिताला विचारलं, "हेच नव्हं का गं?" चार पावलांवर पुन्हा, "हिकडंच नव्हं?" निकितानं त्यांना खुर्चीत बसवलं आणि पाणी आणायच्या निमित्तानं जोतीरामला बाजूला घेतलं.

"मामा, आईचं काय खरं न्हाय आता. पुढच्या आयतवारी तिला निमगावला न्हेते. म्हस इकली. सणसरचं घर बंद करायचं."

"का? काय झालं?"

"इसरती ओ. म्हंजी, इसरती का न्हाय काय म्हायीत, पर तिचाच तिच्यावर भरोसा न्हाय राहिला. गॅस बंद केला का, ह्ये धा येळा बघती. दाराला कुलूप लावून परत फिरती. ते झाडाचं झालं तवापासनं. म्हनायची, पोराची जागा ज्या आईला ध्यानात राहिना तिला काय राहणार? मग चुलत्यांनी बी बोलायला सुरवात केली. शेजारी बी. आता मी तिला चुलीपाशी एकटी सोडत न्हाय." निकितानं डोळे पुसले. "इंदापूरच्या डॉक्टरानं गोळ्या दिल्यात. त्या घेतल्या की दिसभर झोपती."

जोतीरामनं हातातली यादी घडी करून खिशात घातली. त्याला वाटलं होतं आपण एका मेलेल्या पोराशी खोटं वागलो. जित्या बाईचं डोकं आपण काढून घेतलं, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. घर, म्हैस, चूल, सगळं त्या दोन वाक्यांत गेलं होतं.

खुरपं घेऊन तो बनाबाई आणि निकिताबरोबर शेवटच्या ओळीत गेला. पाटीवर ज्ञानेशचं नाव होतं, कार्यक्रमासाठी दिलेला रंग अजून ताजा होता. बाई खाली बसल्या. त्याला खुरपं लावू न देता त्यांनी स्वतःच्या हातानं माती उकरली, खडे वेचून बाजूला टाकले आणि मूठमूठ मडक्यात भरली. भरून झाल्यावर फडकं बांधलं. मांडवातून फोटोवाला त्यांच्याकडे यायला निघाला होता.

"भाऊ," बाई हळूच म्हणाल्या, "तुमी माझ्याशी कवा खोटं न्हाय बोलला. म्हून इचारते. हे बगा, सगळी म्हनत्यात मी येडी झाले. मला बी वाटतं. पर अजून बी डोळं मिटलं की झाड मला त्या तिकडं दिसतं. ह्ये येडंच म्हनायचं ना?"

आता फक्त "व्हय" म्हणायचं होतं. किंवा काहीच म्हणायचं नव्हतं.

"न्हाय, आक्का." जोतीरामनं खुरपं खाली ठेवलं. "तुमचं बरुबर हाय. झाड हितं न्हवतं. मी पाटी हलवली. खोटं मी बोललो."

निकिता जागच्या जागी उभी राहिली. "मामा, काय बोलताय तुमी?"

त्यानं सगळं सांगितलं. मार्चएंड, फक्की, जेसीबी, पिशवीतल्या पाट्या. सांगताना त्यानं अविराजचं नाव घेतलं नाही. पाटी काही अविराजनं हलवली नव्हती.

बनाबाईंच्या चेहऱ्यावर आधी जे आलं ते रडू नव्हतं. सुटका होती. दोन वर्षं वाकलेली मान सरळ झाली. "आयकलंस का निके?" त्या लेकीला म्हणाल्या. "मी येडी न्हवते. मला सगळं ध्यानात व्हतं. मी बरुबर व्हते." निकिता आईला मिठी मारून हुंदके द्यायला लागली. गोळ्या, म्हैस, कुलूप, आपण आईला किती वेळा झिडकारलं, सगळं तिला एकदम आठवलं असणार. जोतीरामला क्षणभर वाटलं, बरं झालं बोललो.

मग बाईंची नजर मांडीवरच्या मडक्यावर गेली.

"ही माती कुनाची मग?"

"कुनाचीच न्हाय. मोकळं झाड व्हतं."

"दोन सालं मी मोकळ्या झाडाला निवद दावला?" त्यांनी फडकं सोडलं, मडकं उपडं केलं आणि हातानं ढीग सारखा केला, कुणाच्या दारात सांडलेलं आवरावं तसा. "आन् माझा ज्ञानू? त्यो दोन सालं कुठं हाय, भाऊ?"

 जोतीरामनं हात केला. ओढ्याच्या बाजूला गुलाबी टाइल्सची ती बुटकी इमारत होती. पत्र्यावर टाकी, भिंतीवर स्वच्छतेची घोषणा, फुटलेल्या पाइपातून बाहेर आलेली ओल. मांडवातली माणसं अधूनमधून तिकडे जाऊन येत होती.

बाई हात टेकून उठल्या. "नेमका कुठं?"

"पुरुषांच्या बाजूला," जोतीराम म्हणाला.

निकितानं धरायला हात पुढं केला, तो त्यांनी बाजूला केला. आज त्या कुणाला न विचारता, न चाचपडता, सरळ चालत गेल्या. जोतीराम मागं गेला, पण दहा हात अंतर ठेवून. जवळ जायचा आपल्याला काय अधिकार उरलाय, असं त्याला वाटलं. दारातून एक जण हात झटकत बाहेर येत होता. बाईला बघून तो ओशाळला.

"आज्जी, बायकांचं पल्याडच्या अंगाला हाय."

बनाबाईंनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, उंबऱ्यापाशी वाकून पायातल्या चपला काढल्या, आणि आत गेल्या.