टबातलं तळं

बेटावर तिला सगळे शेवाळबाई म्हणत. आधी हे नाव पाठीमागे, तोंडावर हात धरून घेतलं जायचं. ते कानावर आलं त्या दिवशी तिने रंगाचा डबा विकत आणला आणि दारावर स्वतःच्या हाताने हेच नाव ठळक रंगवलं. घ्या म्हणावं, आता समोरून हाक मारा.

दार मात्र तिचं नव्हतं, वहिनीचं होतं. भाऊ गेल्यावर दोघी एकाच छपराखाली राहिल्या, कारण दुसरं छप्पर दोघींनाही नव्हतं. सख्य म्हणाल तर विळ्या-भोपळ्याचं. वहिनी बंदरावर तिकिटांच्या खिडकीत बसायची, दिवसभर प्रवाशांवर खेकसायची आणि संध्याकाळी गुडघे धरून घरी यायची. मग टबात कडकडीत पाणी भरून त्यात गळ्यापर्यंत बुडून बसणं हे तिचं एकमेव सुख. हल्ली तेही गेलं होतं. टबात शेवाळबाईने चिखल भरून ठेवला होता.

तो चिखल वरच्या तळ्याचा होता. बेट म्हणजे समुद्रातून डोकं वर काढलेला ज्वालामुखी. त्या खडकात पाणी ठरत नाही, चाळणीत ओतल्यासारखं खाली निघून जातं. फक्त माथ्यावर, विझलेल्या मुखाशी, राखेचा गाळ बसून तळ घट्ट झाला होता, आणि तिथे तळं साठायचं. त्यात एक दगडी शेवाळ उगवायचं. त्याच्या जातभाईंच्या अंगावर चुन्याचा खरखरीत थर असतो, म्हणून हे नाव. या बेटाच्या पाण्यात चुनाच नाही, त्यामुळे हे बिचारं नुसतंच हिरवं आणि मऊ. आसपासच्या एकाही बेटावर ते सापडत नव्हतं. शेवाळबाई तिथल्या डबक्याडबक्यात गुडघाभर उतरून आली होती, तेव्हा हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? कधीतरी एखाद्या बदकाच्या पोटातून त्याचं बी समुद्र ओलांडून आलं असेल, असं ती म्हणायची. मग डोळे मिचकावून पुढे म्हणायची, "मीही बोटीनेच आले होते. मला कुठे कुणी बुजवलं?"

कारण तळं बुजवायचं ठरत होतं. पाऊस रुसला, तळ्याला भेगा पडल्या, आणि नगरसभेच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की तळं मेलंय. तिथे पर्यटकांच्या गाड्यांसाठी वाहनतळ होणार. वहिनीला त्यांनी तिथली तिकीटखिडकी कबूल केली होती. खारं वारं नाही, पायऱ्या नाहीत, वर पाठ टेकायला खुर्ची. गुडघ्यांना आणखी काय हवं?

नियम एकच आड येत होता. तळ्याची स्वतःची वनस्पती जिवंत असेल तर त्याला हात लावता येत नाही. राजधानीतून आलेली तपासनीस बाई मात्र कडक होती. "नुसत्या हिरव्या काड्या आणू नका," तिने बजावलं. "त्या सगळ्या सारख्याच दिसतात. फळ धरलेलं दाखवा, मगच मी नाव लिहीन."

शेवाळबाईने भेगांतला गाळ खणून आणला आणि खिडकीखालच्या टबात भिजत घातला. तो उगवला तेव्हा ती न्हाणीघराच्या फरशीवर बसून लहान मुलीसारखी रडली. काड्या वाढल्या, माजल्या, टबभर पसरल्या. फळाचं नाव नाही. तळ्याच्या निकालाची सुनावणी तर डोक्यावर येऊन बसलेली.

"वन्सं, आज तरी टब मिळायचा का?" वहिनीने विचारलं. एरवी ती 'अगं' म्हणे. 'वन्सं' आलं की समजायचं, पारा चढलाय.

"सुनावणी होऊ दे."

"तुमचं शेवाळ पाण्यात लोळतंय आणि मी बादलीतून मगाने अंग ओलं करतेय. माणसापेक्षा शेवाळ मोठं झालं का?"

"या घरात? हो," शेवाळबाई म्हणाली आणि डोंगराकडे निघून गेली.

ती परतली तेव्हा टबाचं बूच फरशीवर पडलं होतं. भोकात गाळ अडकला म्हणून चार बोटं पाणी उरलं होतं, आणि त्यात सगळ्या काड्या आडव्या झाल्या होत्या.

"कुणी केलं हे?"

"मी," वहिनी दारातूनच म्हणाली. "माझा टब आहे. मेलं तर मरू दे एकदाचं!"

शेवाळबाईने तोंडाला येईल ते ऐकवलं. बूच दाबून बसवलं, स्वयंपाकघरात धावली, बादली भरून आणली आणि टबावर तिरपी केली. आणि तशीच थांबली.

हे शेवाळ पाणी आटू लागलं की फळ धरतं, हे तिने आयुष्यभर कॉलेजातल्या मुलांना शिकवलं होतं. तळं उथळ होतं, ऊन तळाशी पोचतं, आणि आता आपलं काही खरं नाही हे कळल्यासारखं ते मरायच्या आधी बी करून ठेवतं. हे सगळं तिला पाठ होतं. पण टबातलं शेवटचं होतं. बुचाकडे हात गेला की ती तो मागे घ्यायची आणि उलट तांब्याभर पाणी वरून घालायची. लाडावलेल्या पोराला कामाची कसली घाई! जे करायची तिची छाती झाली नव्हती ते वहिनीने रागाच्या एका झटक्यात केलं होतं.

"ओत की," वहिनी म्हणाली. "थांबलीस का?"

शेवाळबाईने बादली खाली ठेवली. आभार मानणं मात्र तिच्या जिवावर आलं.

पाणी दोन बोटांवर आलं. शेंडे पिवळे पडले. आपणच त्याला मारलं, असं वाटून ती रात्री उठून उठून टबात बघायची. वहिनी येता-जाता न्हाणीघरात डोकावायची आणि "मेलं का?" विचारायची, पण त्या आवाजात आता मजा नव्हती.

एका दुपारी ती तिथूनच ओरडली, "अगं ए, इकडे ये! ह्याला गोवर आलाय!"

पेऱ्यापेऱ्यावर केशरी ठिपके फुटले होते. त्यांच्या शेजारी इवलाली फळं धरली होती, काही तर काळी पडून पिकत आलेली. शेवाळबाईने भिंग लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि वहिनीला करकचून मिठी मारली.

"सोड, गुडघा दुखतोय," वहिनी म्हणाली, पण स्वतः हलली नाही.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. तपासनीस बाईने काचेच्या ताटलीतली काडी बराच वेळ निरखली. "तेच आहे," ती म्हणाली. "फळ पक्कं आहे."

अध्यक्ष हसले. "टबात उगवलं ना? मग नळाच्या पाण्यातून आलं असेल. तळ्याचा काय संबंध?"

शेवाळबाई समजावू लागली. बी केवढं असतं, पाणी गाळून कसं येतं, गाळ कुठून खणला. सगळं खरं होतं, आणि लोक जांभया देत होते. तेवढ्यात मागे खुर्ची करकरली आणि वहिनी उठली.

"साहेब, त्याच नळाचं पाणी मी रोज अंगावर घेते. माझ्या अंगावर उगवलंय का काही? बघा नीट!"

सभागृह खदखदून हसलं. तपासनीस बाईनेही ओठ दाबले.

अध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बाई, तुम्हाला वरची खिडकी नकोय वाटतं?"

आता हसू थांबलं. वहिनीने दोन्ही हातांनी पुढची खुर्ची धरली. शेवाळबाईला वाटलं, ही आता बसणार. बसली असती तरी तिला दोष देता आला नसता.

"हवी होती," वहिनी म्हणाली. "फार हवी होती. त्या खिडकीपायी मी स्वतः बूच काढलं, ह्याला मारायला. नाही मेलं. उलट पोराबाळांची तयारी करून बसलं. माझ्या हातून मेलं नाही, तर तुम्ही कोण टिकोजीराव लागून गेलात?"

तपासनीस बाईने कागदावर नाव लिहिलं. तळं राहिलं.

बी पुरतं पिकल्यावर दोघींनी गाळ बादल्यांत भरला आणि डोंगर चढला. वहिनी दर वळणावर थांबून गुडघ्यांना आणि नणंदेला शिव्या घालत होती. वर तळ अजून भेगाळलेलाच होता आणि काठाशी तळं बुजवायला आणलेल्या खडीचा ढीग तसाच पडला होता. दोघींनी भेगांमध्ये गाळ सारला, हाताने दाबला. वहिनी धापा टाकत त्या ढिगावरच टेकली.

खडी परत न्यायला ट्रक आला होता, आणि मागोमाग अध्यक्षांची गाडी थेट कोरड्या तळ्यात उतरली. त्यांनी काच खाली केली. "पाण्याचा थेंब नाही आणि पेरणी चाललीय! पाऊस आलाच नाही तर?"

"पुढच्या वर्षी येईल," शेवाळबाई म्हणाली. "ह्याला वाट बघता येते."

"आणि तुम्हाला?"

वहिनीने चिखलाचे हात पदराला पुसले.

"आम्ही नणंद-भावजय आहोत, साहेब. एका छपराखाली जन्म काढलाय. आम्हाला कोरड्यात तग धरायला शिकवू नका. आणि आता गाडी काढा तळ्यातून."