बोडका विषाणू

परळच्या प्रयोगशाळेत इरावती परब इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसमोर बसली. फ्लूच्या विषाणूच्या अंगावर प्रथिनांचे काटे असतात, त्यांतल्याच काहींनी तो पेशीला चिकटतो. ते काटे तेवढे उतरवायचे आणि खालचं आवरण शाबूत ठेवायचं, हे तिचं काम. हत्यार होतं ब्रोमेलेन, अननसातलं प्रथिनं पचवणारं एन्झाइम. पण दोनदा विषाणूंचा नुसता चोथा झाला होता.

"दुसरं एन्झाइम बघ आता," चिंतामणी सर म्हणाले होते. ते तिचे गाइड.

"सर, वेळ संपल्यावरही ते नळीत खातच राहतं, असं वाटतंय. एकदा शेवटचं करू द्या."

या खेपेला तिने वेळ भरताच नळी बर्फात खुपसली होती आणि लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून एन्झाइम वेगळं काढलं होतं.

पडद्यावर आधी एन्झाइम न लावलेला नमुना आला. गोल गोल कण, कडेला दाट काटे. मग तिने एन्झाइम लावलेला नमुना ठेवलेली दुसरी बारीक जाळी सरकवली.

कण तसेच गोल. पण कडा गुळगुळीत! एकही काटा नाही.

"सर! लवकर या!"

सर धावतच आले, चष्मा वर सारून पडद्याला नाक लावून बघत राहिले. "अगं, हा तर पार बोडका झालाय!" मग स्वतःला सावरत म्हणाले, "चित्रावर भुलू नकोस. रक्ताची चाचणी लाव."

कोंबडीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी तिने खळग्यांच्या ताटलीत दोन्ही नमुन्यांत घातल्या. काटे असले तर पेशी एकमेकींना धरून पसरतात, नसले तर तळाशी बसतात. पाऊण तास ती ताटलीसमोरून हलली नाही. काटेरी विषाणूच्या खळग्यांत तांबूस पसारा झाला. बोडक्याच्या प्रत्येक खळग्यात, तळाशी, लालभडक ठिपका.

तिने लालबागला घरी फोन लावला. "आये, जमला गो!"

"मगे आता कोणाक ताप येवचो नाय?" तिच्या आईने, मालनने विचारलं.

"येतलो गो. पण तो चिकटता कशान, ता आज मिया डोळ्यांनी बघलंय."

"पुन्हा तीनदा करायचं हं," सर मागून म्हणाले, पण त्यांचाही आवाज चढला होता.

इरावतीने तोवर पुढचे नमुने काढायला फ्रिज उघडलाही होता.