मास्तरांचा गोतावळा
बायको गेल्यापासून त्यांना शनिवार-रविवार खायला उठत. म्हणून दोन दिवसांत ॲप बनवायची स्पर्धा, म्हणजे हॅकेथॉन, दिसली की ते नाव नोंदवत. या वेळची टीम सगळी विशीतली. पोरांनी वय बघून पहिल्या तासातच त्यांचं ‘मास्तर’ असं बारसं करून टाकलं.

ॲप झकास जमलं. त्यासाठीचा खास चष्मा चढवला की दूरचं माणूस आपल्याच खोलीतल्या खुर्चीवर बसलेलं दिसे, आणि त्याला फोनवर आपली खोली दिसे.

रविवारी दुपारी परीक्षक म्हणाले, “बोलवा बघू घरच्या कुणाला तरी.”

पोरांच्या घरी कुणी फोन उचलेना. मास्तरांनी चष्मा चढवून दूरदेशी राहणाऱ्या लेकीला फोन लावला. ती समोरच्या खुर्चीत अवतरली, हात लावावा इतकी जवळ.

“बाबा, केवढी माणसं आहेत तुमच्याभोवती!” तिचा चेहरा खुलला. “आणि मी उगाच जिवाला घोर लावून घेत होते. आता दर रविवारी फोन नाही जमला तरी चालेल ना?”

मागून एका पोराने मास्तरांच्या खांद्यावर हात टाकला होता. त्याचं नावही त्यांना धड ठाऊक नव्हतं.

“छे गं, माझी कसली काळजी! तू तुझं बघ,” ते म्हणाले.

टाळ्या पडल्या, दुसरं बक्षीस मिळालं. फोटो काढून पोरं “येतो हं, मास्तर” म्हणत पांगली. मास्तर वायरी गुंडाळत मागे राहिले. लेकीला खरं काय ते सांगावं, असं फार मनात आलं. त्यांनी फोन हातात घेतलाही. पण नंबर न लावताच तो खिशात ठेवला. सफाईवाल्या बाई दिवे मालवू लागल्या, तेव्हा ते उठले.